राखणीचा रोलर

थॉर्नस्टो, सफोक
१० ऑक्टोबर १९५४

प्रिय पर्सी,

हंगाम काल संपला. आपण हरलो, त्यात नवीन काही नाही. पाहुण्यांच्या कप्तानाने सणसणीत फटका मारून चेंडू थेट समुद्रात घातला आणि आपल्या क्लबच्या नियमाप्रमाणे पंचांनी बाद म्हणून बोट वर केलं. बिचारा बघतच राहिला. म्हणाला, "एवढा लांब मारला, सहा धावा द्यायच्या सोडून बाद काय देता?" सायलस म्हणाला, "जा, चेंडू घेऊन ये, मग देतो सहा." सगळे हसले. मीही हसले. हसताना नजर कड्याच्या टोकाकडे गेली आणि हसू तोंडातच राहिलं.

सामना संपल्यावर खेळपट्टी दाबायचा तो अवजड लोखंडी रोलर राखणीला नेला, दरवर्षीसारखा. अकराही जणांनी दोर ओढला, सगळ्यात वडील खेळाडू म्हणून म्हातारा ह्यूबर्ट स्माय रोलरच्या चौकटीवर टोपी सावरत बसला होता आणि वाटेत प्रत्येकाला शिव्या देत होता. कड्याच्या टोकाला नेऊन उभा केला, सगळ्यांनी त्याच्यावर हात ठेवला, "आता तू आणि समुद्र" म्हणाले आणि बिअर प्यायला गेले. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. हे तुला काय सांगायचं, तूच किती वर्षं ओढलायस.

पण आज सकाळी मी घरामागे मैदानाच्या कडेला धुणं वाळत घालायला गेले तेव्हा रोलरच्या अलीकडे गवतात एक भेग दिसली. वाकून पाहिलं. हात घातला तर मनगटापर्यंत गेला आणि आतून गार वारा आला. पर्सी, जमिनीतून वारा येतो का रे कधी? सायलसला सांगितलं तर म्हणतो, "सशांनी उकरलं असेल." ससे काय सरळ रेषेत उकरतात?

लग्न मी सायलसशी केलं की त्या मैदानाशी, देव जाणे. गेली चाळीस वर्षं तो त्या गवताला जेवढं जपतो तेवढं मला जपलं असतं तर मी आज राणी असते. माझं तो ऐकत नाही. पण मेव्हण्याचं ऐकतो. गावात आजही "पर्सी गॅरडसारखा यष्टिरक्षक पुन्हा झाला नाही" असं म्हणतात. तू त्याला दोन ओळी लिही. रोज सकाळी उठून त्या टोकाला जाऊन रोलरला थोपटून येतो, तेवढं तरी थांबव. मला फार भीती वाटते.

तुझी,
मॅविस

०

कॉव्हेंट्री
२४ ऑक्टोबर १९५४

प्रिय मॅवी,

तू लहान होतीस तेव्हा कोंबडी फडफडली तरी टेबलाखाली जायचीस. बासष्ट वर्षांची झालीस तरी टेबल सुटलेलं दिसत नाही.

अगं, कडा ढासळतो हे काय नवीन आहे? आपले आजोबा ओबडाया यांनी क्लब काढला तेव्हा मैदानाच्या पलीकडे बार्लीचं शेत होतं, शेतापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे जुनी दफनभूमी. दफनभूमी गेली, रस्ता गेला, शेत गेलं. आपण दर वसंतात सीमारेषा थोडी आत घेतली, चुना मारला आणि खेळलो. इंग्लंडात दुसरा कुठला क्लब आहे ज्याने समुद्राशी इतके सामने खेळलेत?

आणि रोलरचं म्हणशील, तर ते वादळ विसरू नकोस. आजोबांच्या तरुणपणी एका रात्रीत कडा दोन्ही बाजूंनी कोसळला आणि मधला रोलरखालचा तुकडा तेवढा जागच्या जागी राहिला. सकाळी लोकांनी येऊन पाहिलं तर रोलर उभा, जसा चौकीवरचा शिपाई. तेव्हापासून त्याला राखणीला बसवतात. वजनाने जमीन दाबून धरतो तो. मी घड्याळं दुरुस्त करतो, दाब म्हणजे काय ते मला कळतं.

सायलसला मी वेगळं पत्र लिहिलंय, चांगलं लांबलचक. क्लबचा सगळा इतिहास त्यात घातलाय. माझे हात शिवशिवतात अजून, मॅवी. यष्टींमागे उभं राहण्यासारखं सुख नाही जगात.

माझी घरमालकीण मिसेस पोकॉक तुला नमस्कार सांगते. तिला वाटतं तू फार गोड आहेस. मी काही बोललो नाही.

तुझा,
पर्सी

०

थॉर्नस्टो
२१ नोव्हेंबर १९५४

पर्सी,

"प्रिय" लिहिणार होते, हात धजला नाही.

तुला काय सांगितलं होतं आणि तू काय लिहिलंस? तुझं ते पत्र सायलसने दारूच्या गुत्त्यात स्टुलावर उभं राहून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या ह्यूबर्टने डोळे पुसले. दुसऱ्याच आठवड्यात क्लबची बैठक होती. पाद्री लॅथमनी उठून अगदी शांतपणे सांगितलं, की चर्चमागचं त्या कटिंग शेतकऱ्याचं कुरण मिळतंय, समुद्रापासून लांब आहे, तिथे क्लब हलवू या. आणि तो रोलर आधी टोकावरून काढा, त्याच्या ओझ्यानेच कडा फाटतोय. सायलस उभा राहिला, तुझं पत्र हवेत हलवलं आणि म्हणाला, "पाद्रीसाहेब, तुम्ही आकाशाचं बघा, जमिनीचं आम्ही बघतो." झालं. एकही हात कुरणाच्या बाजूने वर गेला नाही. मी मागे उभी राहून चहा देत होते. माझा हात वर गेला असता, पण बायकांचा हात मोजत नाहीत. त्यात फक्त किटली असते.

आता ऐक. मी त्या भेगेच्या दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायच्या दोरीच्या दोन खुंट्या ठोकल्या आणि मध्ये लाल लोकरीचा धागा बांधला, सायलसच्या फाटक्या स्वेटरमधला. सैल बांधला, मुद्दाम. चार दिवसांनी तो ताठ झाला. बोट लावलं तर तारेसारखा वाजला. परवा जाऊन पाहते तर तुटलेला.

मी तिथेच गवतात बसले. उठताच येईना. आणि समोर सायलस, शीळ घालत, त्या रोलरच्या पलीकडच्या बाजूला उभा, गंज खरवडतोय. त्याच्या पाठीमागे नुसतं आभाळ. हाक मारायचीसुद्धा भीती वाटली, दचकून मागे पाऊल टाकलं तर?

मॅविस

०

कॉव्हेंट्री
१२ डिसेंबर १९५४

प्रिय मॅवी,

रागावू नकोस. लोकर कुत्र्याने तोडली असेल. गावात कुत्री कमी आहेत का?

तू पुन्हा तिथे जाऊन बसू नकोस मात्र. आणि ते "पाठीमागे नुसतं आभाळ" वगैरे मला लिहीत जाऊ नकोस. मिसेस पोकॉक म्हणते, मी झोपेत ओरडतो हल्ली. म्हातारपण, दुसरं काय.

सोबत नाताळचं पार्सल आहे. सायलसला हातमोजे, तुला चहा. सायलसला सांग, थंडीत गंज खरवडू नये, लोखंड तडकतं. खरं-खोटं मला माहीत नाही, पण सांग.

तुझा,
पर्सी

०

थॉर्नस्टो
२० फेब्रुवारी १९५५

प्रिय पर्सी,

ह्यूबर्ट स्माय गेला. छातीत कफ साचला, आठवडाभर कण्हला आणि मंगळवारी संपलं. शवपेटीवर क्लबची टोपी ठेवली होती. बायकोपेक्षा सायलसच जास्त रडला.

आणि चर्चमधून परतताना, डोळे अजून ओलेच, सायलस थांबला आणि म्हणाला, "मॅविस, म्हणजे आता सगळ्यात वडील खेळाडू पर्सी!" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तू सायलसहून दोन महिन्यांनी मोठा आहेस. म्हणजे एप्रिलमध्ये रोलरवर बसायचा मान तुझा. तो इतका खूश झाला की मला त्याच्याकडे बघवेना. तुला वेगळं आमंत्रण येईलच, कागदाला सोनेरी काठ लावून.

मागच्या वादळात रोलर कलला आहे, पर्सी. समुद्राच्या बाजूला. त्याच्याभोवतीची जमीन बशीसारखी खचली आहे. सायलसलाही दिसतंय, त्याला डोळे आहेत. पण तो म्हणतो, "शनिवारी ओढून काढू. अकरा माणसं आहेत." त्यालाच तर मी घाबरते ना! रोलर, त्यावर एक माणूस, आणि भोवती अकरा जण पाय रोवून ओढतायत, सगळे त्याच तुकड्यावर. मी म्हटलं, आत्ताच काढा, लांबून दोर टाकून. तर म्हणाला, एप्रिलच्या आधी आणि वडील खेळाडू बसल्याशिवाय रोलर आजवर हलला नाही, महायुद्धाच्या काळातसुद्धा हलला नाही. हे लोक मरतील, पण रीत मोडणार नाहीत.

मी सगळा विचार केला आहे. तू नाही म्हणालास तर मान सायलसकडे जातो, तोच तुझ्या खालचा. मग चौकटीवर तोच बसणार. म्हणून तू नाही म्हणू नकोस. तू ये. हंगामाच्या पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीपर्यंत वडील खेळाडूचा शब्द मोडत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. ह्यूबर्टने एकदा सगळ्यांना अनवाणी खेळायला लावलं होतं आणि खेळले गाढव. तू पॅव्हिलियनच्या पायरीवर उभा राहा आणि एवढंच म्हण, "रोलर राहू दे तिथेच. आपण कटिंगच्या कुरणात खेळू." माझं, पाद्र्यांचं, देवाचं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

हातापाया पडते तुझ्या. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. नवरा मागतेय.

मॅविस

०

कॉव्हेंट्री
६ मार्च १९५५

प्रिय मॅवी,

येतो. येतो म्हणजे येतो. सायलसलाही तसं कळवलंय.

शुक्रवारी इप्सविचला मुक्काम करीन, शनिवारी सकाळच्या बसने तुझ्या दारात. पायरीवर उभा राहून असं भाषण ठोकीन की समुद्रसुद्धा दोन पावलं मागे सरेल. तू फक्त चहा तयार ठेव आणि आता रडू नकोस.

जुना कोट इस्त्रीला दिला आहे. मिसेस पोकॉक विचारत होती, इतक्या वर्षांत एकदाही गावी गेला नाहीत, असं कसं? म्हटलं, कामं असतात.

तुझा,
पर्सी

०

थॉर्नस्टो
१७ एप्रिल १९५५

प्रिय पर्सी,

फक्त दोन ओळी. भेग आता एवढी झाली आहे की कुत्र्यालाही उडी मारून जावं लागतं. सायलसने तिच्यात वाळू भरली आणि वर हिरवळीचे तुकडे लावले, पाहुण्यांना दिसू नये म्हणून! लग्नाआधी नवरीच्या गालावरचा फोड झाकावा तसं. आता तर भेग नेमकी कुठे आहे तेही कळत नाही.

सकाळची बस चुकवू नकोस. मी दिवस ढकलतेय. सायलस झोपला की त्याच्याकडे बघत राहते.

तू येतोयस, एवढ्याच एका गोष्टीवर उभी आहे.

मॅविस

०

इप्सविच, बसथांब्याजवळचं चहाचं दुकान
शनिवार, ३० एप्रिल १९५५

मॅवी,

सकाळची बस गेली. दुपारचीही गेली. मी इथेच आहे.

तिकीट काढलं होतं. खिशात आहे. बस आली, वाहकाने हात दिला, "चला आजोबा" म्हणाला, आणि माझा पाय पायरीवर चढेना. मी त्याला म्हटलं, पुढच्या बसने येतो. पुढची आली तेव्हा मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, भिंतीकडे तोंड करून. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

तुला वाटतं मी विसराळू आहे, कामात असतो, गावावर रुसलोय. तसं काही नाही गं. मी भितो. तुझ्यापेक्षा शंभरपट भितो. तरुणपणी मी समुद्राच्या बाजूला सीमारेषेवर उभा असायचो, आठवतं? एकदा चेंडूमागे धावलो आणि बुटाखालचं गवत गेलं. नुसतं गेलं. मी दोन्ही हातांनी गवत धरून कमरेपर्यंत लोंबकळत होतो आणि खाली काही नव्हतं. वर सगळे हसत होते, त्यांना वाटलं पाय घसरला. मी वर आलो, मीही हसलो, चेंडू फेकला. दुसऱ्या दिवशी कप्तानाला म्हटलं, मला यष्टिरक्षण करून बघायचंय. का माहीत आहे? यष्ट्या मैदानाच्या मधोमध असतात. बाकी काही नाही. ज्या खेळासाठी गाव माझं नाव घेतं तो खेळ मी भीतीपोटी शिकलो. मग तेही पुरेना, तर नकाशा काढला आणि समुद्रापासून सगळ्यात लांब काय आहे ते बघून कॉव्हेंट्रीला आलो.

तुझ्या भीतीची टिंगल केली ती म्हणून. तू लिहायचीस आणि माझ्या हाताला तेच गवत लागायचं.

आता घड्याळात बघतो. मी आलो नाही म्हणजे सायलस बसला असेल रोलरवर. तू माझ्या भरवशावर उभी होतीस आणि मी पळालो. मला क्षमा नको, पण तार कर. एकच शब्द लिही. सायलस आहे का?

पर्सी

०

थॉर्नस्टो
३ मे १९५५

प्रिय पर्सी,

तार मिळाली असेल. "आहे" एवढंच लिहिलं, कारण तू एकच शब्द मागितला होतास आणि पोस्टातल्या पोरीसमोर मला रडू आवरत नव्हतं. आता नीट सांगते.

सकाळच्या बसला सगळे पांढरे कपडे घालून थांब्यावर गेले होते. तू उतरला नाहीस. परत मैदानावर आले. दोर गुंडाळून ठेवलेला, पाहुणे ताटकळलेले. सायलस म्हणाला, "थांबू या. येतो म्हणालाय, तर त्याच्याशिवाय हात लावायचा नाही." दुपारची बस आली, पुन्हा तू नाहीस. मग जे सुरू झालं ते तू ऐकायला हवं होतंस. "यष्टींमागे उभा राहून दिवसभर तोंड वाजवायचा, आता बसमध्ये चढायला काय झालं?" "शहरात गेला आणि शेपूट घालून बसला." मीही तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते या कागदावर लिहिता येणार नाही.

सायलस दोराकडे निघाला. मला काही सुचेना. मी ओरडले, "चहा!" खेळाआधी चहा, आपल्या क्लबात असं कधी झालं नव्हतं. सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. पण मी सँडविचवरचं फडकं काढलं आणि केक कापायला घेतला, घाईत एकही तुकडा सारखा झाला नाही. उपाशी पुरुष कुठे जातात? आले मुकाट. मी किटली घेऊन फिरत राहिले, नको म्हणणाऱ्यालाही ओतत राहिले. सायलस उभ्या उभ्याच प्यायला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बस झालं. त्याच्या खालचा मी आहे. मीच बसतो." दोर खांद्यावर टाकून निघाला. मी त्याच्या मागे धावले. बाही धरली, ती त्याने सोडवून घेतली.

खेळपट्टीपर्यंत पोहोचला होता तो. तेवढ्यात रोलर हलला. कुणी हात लावलेला नसताना. म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना जसं आधी पुढे वाकतं तसा वाकला, आणि गेला. आवाजही झाला नाही. मग त्याच्यामागे ते सगळं टोक गेलं, सायलसच्या हिरवळीच्या तुकड्यांसकट, आणि त्यानंतर जो आवाज आला तो अजून माझ्या कानांतून जात नाही. पॅव्हिलियनच्या काचा फुटल्या. धूळ खाली बसली तेव्हा सायलस यष्ट्यांजवळ उभा होता, खांद्यावर दोर. समोर समुद्र, इतका जवळ की बूट भिजावेत असं वाटलं.

तू जिथे उभा राहायचास ना, पर्सी, नेमका तिथे उभा होता तो.

तू आला असतास तर? भाषण केलं असतंस, हे मान्य. पण त्यांनी तुला खांद्यावर उचलून आधी रोलरवरच नेऊन बसवलं असतं, आमचे लोक तुला माहीत आहेत. भाषण नंतर. म्हणून क्षमेचं बोलू नकोस. तू भ्यालास म्हणून माझा नवरा घरात आहे. तू भित्रा आहेस, बरं झालं, देवाने तुला आणखी भित्रं करावं.

काल बैठक झाली. कुणी वाद घातला नाही. जुन्या खेळपट्टीची हिरवळ कापून कटिंगच्या ट्रॅक्टरवरून कुरणात न्यायची ठरली. पाद्रीसाहेब "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांना केक पाठवला. नवीन रोलर येईपर्यंत वडील खेळाडूने बसायचं कशावर, यावर बराच खल झाला. शेवटी माझी स्वयंपाकघरातली खुर्ची द्यायची ठरली. चर्चच्या मागे, कुरणाच्या मधोमध. तिथून समुद्र ऐकूही येत नाही. बस चर्चपाशीच थांबते, तुला खाली बघावं लागणार नाही. आता तरी ये.

सायलस बरा आहे, पण मैदानाकडे जात नाही. आमचं घर आता कड्याला सगळ्यात जवळचं झालं आहे, पण पाद्र्यांकडे राहायला चल म्हटलं तर दोन दिवस नाही म्हणून मान हलवत होता. काल संध्याकाळी मी भांडी घासत होते तर माझ्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅविस, ती लाल लोकर कुठे ठेवलीस?" काढून दिली. कपड्यांच्या खुंट्या घेतल्या आणि आमच्या मागच्या दाराबाहेर गेला. ठोकताना हात चुकत होता, मी खुंटी धरली. धागा बांधून झाल्यावर तो किती वेळ गुडघ्यांवर तसाच बसून राहिला, माझा हात धरून. म्हणाला, "तू एकटीच घाबरत होतीस इतके दिवस."

आज सकाळी दोघांनी जाऊन पाहिलं. धागा ताठ झाला आहे. सामान बांधतोय.

तुझी,
मॅवी